विरोधकाचे नाव

दिवाळीच्या आधीचे चार दिवस पुण्याच्या मंडईत पाय ठेवायला जागा नसते. झेंडूच्या राशी, पणत्यांच्या चळती, बोळकी, लाह्या-बत्तासे, लक्ष्मीपूजनाच्या नव्या केरसुण्या, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली चिरडायची ती हिरवी कारीटसुद्धा! एरवी ज्या फळाला कोणी हात लावीत नाही, त्यालाही तेवढ्या दिवसापुरते मोल येते. या गडबडीत मान वर करून डोक्यावरच्या मनोऱ्याकडे पाहण्याची सवड गिऱ्हाइकाला नसते, आणि विक्रेत्याला तर त्याहून नसते. तरीही आज वाचकांना तशी मान वर करण्याची विनंती करावी असे वाटते. कारण या इमारतीच्या कपाळी एक विलक्षण योग लिहिलेला आहे. ती बांधण्यावर एवढा पैसा घालू नये, असे नगरपालिकेच्या सभेत ज्यांनी निक्षून सांगितले, त्यांचेच नाव आज तिला आहे. तिला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो.

आपल्याकडे जुन्या वास्तूंविषयी लिहिण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक भाटाची. तीत प्रत्येक कमान भव्य असते आणि प्रत्येक दगड बोलका असतो. दुसरी रीत कारकुनाची. तीत कोणत्या साली पाया घातला, कोणत्या साहेबाने कुलूप उघडले, एवढी टिपणे झाली की काम संपते. वास्तूचे परीक्षण मात्र क्वचित होते. नाटकाचे होते, कादंबरीचे होते, गवयाच्या मैफलीचेही होते. पण ज्या इमारतीत आपण आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन जातो, ती आपल्या कामाला कितपत उतरली, तिच्या रूपात काय खरे आणि काय उसने आहे, तिच्या नावाला ती जागते की नाही, हे प्रश्न आपण विचारीत नाही. मंडईच्या बाबतीत ते विचारले पाहिजेत. त्यांतही तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मंडई हा शब्दच मुळी इमारतीहून पुष्कळ जुना आहे. मंडी आणि मंडई या शब्दांचे नाते अभ्यासक संस्कृतातल्या ‘मंडपिका’ या शब्दाशी जोडतात. जुन्या कोरीव लेखांत मंडपिका म्हणजे बाजाराचे आणि जकातीचे ठिकाण. म्हणजे मांडव, माल आणि कर ही तिन्ही या शब्दाच्या पोटात प्रथमपासूनच आहेत. पुण्याच्या पेठांना वारांची नावे मिळाली, त्यांतही बाजाराची चाहूल आहे. परंतु भाजीच्या बाजाराला स्वतःचे छप्पर नव्हते. एकोणिसाव्या शतकात तो शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात भरत असे. वाडा १८२८ च्या आगीत जळला होता. ज्या दरवाज्यापुढे पूर्वी स्वारांची पथके उभी राहत, तेथे आता मेथीच्या जुड्या लागत. इतिहासाच्या अभिमान्यांना हे दृश्य विषण्ण करणारे वाटेल. मला ते तसे वाटत नाही. सत्ता गेली तरी शहराला भूक लागतच राहते, आणि ती भागवणारी माणसे रिकाम्या जागेत येऊन बसतात. त्यात अपमान कोणाचाच नाही.

पण त्या उघड्या बाजारात हाल होते, हेही खरे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, पाण्याची सोय नाही, कुजलेल्या पाल्याची विल्हेवाट नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या नगरपालिकेपुढे हा प्रश्न होता, आणि त्याला तिने शोधलेले उत्तर म्हणजे शुक्रवार पेठेतली ही दगडी मंडई. कर्नल वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी अभियंत्याने तिचा आराखडा केला आणि वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ती बांधली. १८८६ मध्ये ती खुली झाली. त्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते. काळाच्या रिवाजाप्रमाणे मंडईचे नाव ‘रे मार्केट’ असे ठेवण्यात आले. पुणेकरांच्या तोंडी मात्र ती मंडईच राहिली.

आता इमारतीकडे पाहू. मध्यभागी अष्टकोनी मनोरा, त्यावर निमुळते होत गेलेले उंच छप्पर, टोकदार कमानी, आणि मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे निघालेल्या, उतरत्या छपरांच्या लांब ओळी. या ओळींत ओटे, ओट्यांवर विक्रेते, मधून गिऱ्हाइकांच्या वाटा. पोशाख गॉथिक आहे, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चचा. कांदेबटाट्यांसाठी चर्चचा झगा कशाला, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर सरळ आहे. त्या पिढीतल्या इंग्रज अभियंत्यांना सार्वजनिक इमारत म्हटली की तोच पोशाख आठवे. रेल्वे स्थानक असो, न्यायालय असो की बाजार असो, सर्वांना एकाच शिंप्याकडचे कपडे. या अर्थाने मंडईचे बाह्यरूप उसने आहे, आणि ते थोर कलाकृती आहे असे सांगून मी कोणाची दिशाभूल करणार नाही.

पण पोशाखाखालचे शरीर सुदृढ आहे. आऱ्यांच्या रचनेमुळे गिऱ्हाईक मध्यभागी उभे राहिले की सगळ्या दिशांच्या ओळी त्याच्या नजरेपुढे उघडतात. पालेभाजी एका बाजूला, फळे दुसरीकडे, कांदेबटाटे तिसरीकडे, अशी वाटणी या रचनेत आपोआप होते. ओळी सुट्या असल्याने वारा खेळतो, आणि भाजीला वाऱ्याइतका दुसरा मित्र नाही. ओटा उंच असल्याने माल चिखलापासून वाचतो आणि विकणारी बाई गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकते. जमिनीवर बसलेल्या माणसाशी आपण वरून बोलतो, ओट्यावरच्या माणसाशी बरोबरीने. हा फरक आराखडा काढणाऱ्याच्या मनात होता की नाही, कोण जाणे. पण दगडात तो उतरला आहे, आणि पुण्याच्या भाजीवाल्या मावशींच्या ठसक्याला त्या ओट्याचा थोडा आधार निश्चित आहे.

या रचनेची एक काळी बाजूही आहे. मध्ये मनोरा आणि भोवती आरे ही आकृती एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या तुरुंगांसाठी मोठ्या आवडीने वापरली गेली. मध्ये उभे राहून सगळीकडे नजर ठेवता यावी, हा तिचा हेतू. मंडईच्या वरच्या मजल्यावर एके काळी नगरपालिकेची कचेरी होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही आकृती अधिकच बोलकी वाटू लागते. वर कर ठरवणारे, खाली कर भरणारे! पण बाजाराचा तुरुंग कधी झाला नाही. माणसांचा स्वभाव आकृतीला पुरून उरला. ज्या मध्यबिंदूवरून पहारा ठेवायचा, तेथे लोक गप्पा मारीत उभे राहिले.

इथपर्यंत आपण मंडईला तिच्या उपयोगाच्या मापाने मोजले, आणि ती बऱ्यापैकी उतरली. आता दुसरे माप घेऊ. ते जोतीराव फुल्यांचे आहे.

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. हा माणूस बाजाराला परका नव्हता. त्यांचे घराणे फुलांच्या व्यवसायामुळेच ‘फुले’ झालेले. वडील गोविंदराव फुले आणि भाजी विकीत. स्वतः जोतीरावांनी कंत्राटदारीचा व्यवसाय केला होता. दगड, चुना, मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असणार. म्हणजे मंडईच्या खर्चावर त्यांनी घेतलेला आक्षेप हा पुस्तकी पंडिताचा नव्हता, आणि बांधकामाचा तिटकारा असलेल्या विरक्ताचाही नव्हता. भाजी कशी विकली जाते आणि भिंत कशी उभी राहते, या दोन्ही गोष्टी जाणणाऱ्या माणसाचा तो आक्षेप होता. त्यांचे म्हणणे असे की, बाजाराच्या दिमाखदार इमारतीवर एवढी मोठी रक्कम घालण्याऐवजी ती गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी. हरि रावजी चिपळूणकर या त्यांच्या सहकाऱ्यानेही त्यांना साथ दिली. सभेने ते मानले नाही.

हा आक्षेप एकटा वाचला तर लहान वाटतो. कोणत्याही नगरपालिकेत कोणत्याही खर्चाला कोणी तरी विरोध करतेच. पण त्याच्या आगेमागे काय घडत होते ते पाहिले म्हणजे त्याचे वजन कळते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने १,००० रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. जोतीरावांनी त्याला उघड विरोध केला, तोही सरकारनियुक्त सभासद असताना! पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हेच त्यांचे तेव्हाचेही म्हणणे. पुढे १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातल्या मुलाला साधी शाळाही मिळत नाही, हा त्या निवेदनाचा गाभा. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा झाला. मंडईचे दगड एकावर एक चढत होते त्याच वर्षांत हे सगळे लिहिले-बोलले जात होते.

या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न आहे: जो पैसा देतो, त्याला त्या पैशातून काय परत मिळते? मंडईच्या बाबतीत तर तो फारच नेमका होता. शहरात येणाऱ्या मालावरची जकात हे त्या काळच्या नगरपालिकांच्या उत्पन्नाचे मुख्य साधन. टोपली घेऊन पहाटे नाक्यावर येणाऱ्या माळणीला ती कोठे ना कोठे भरावीच लागे, थेट नाही तर भावातून. तिच्या पैशातून तिच्यासाठी छप्पर बांधले, तर त्यात वावगे काय, असे कोणी विचारील. वावगे एवढेच की छप्पर साधेही चालले असते. मनोरा तिने मागितला नव्हता. तिच्या मुलाला अक्षरओळख झाली असती, तर हिशेबात तिला कोणी फसवू शकले नसते. तागडी खरी आहे की खोटी हे पाहण्यासाठी मनोऱ्याची उंची लागत नाही, आकडे वाचता यावे लागतात.

मग जोतीराव बरोबर होते आणि नगरपालिका चूक होती, असा निकाल द्यावा काय? इतका सोपा निकाल देण्यास मी कचरतो. त्या सभेतल्या बहुसंख्य सभासदांचीही एक बाजू होती. उघड्या बाजारातली घाण सगळ्या शहराला रोग देते, आणि त्या रोगाचे पहिले बळी गरीबच असतात. शिवाय मंडई झाली म्हणून शाळा राहिल्या, असा सरळ हिशेबही मांडता येत नाही; मंडई झाली नसती तर तो पैसा शाळेकडेच गेला असता, याची हमी कोण देणार? मला वाटते, जोतीरावांचा आक्षेप बाजारावर नव्हताच. तो क्रमावर होता. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवताना ज्यांचा आवाज सभागृहात पोहोचत नाही त्यांची गरज नेहमी ‘नंतर’ या सदरात जाते, हे त्यांनी ओळखले होते. पुण्यातच मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी १९२० च्या सुमारास विठ्ठल रामजी शिंदे यांना चळवळ करावी लागली. मंडई होऊन तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती. ‘नंतर’ म्हणजे किती नंतर, याचे हे एक उत्तर.

आता चौकाकडे वळू. इमारत ही एकदाच बांधली जाते, चौक मात्र रोज घडत असतो. मंडईच्या चौकात १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारण्याची सूचना आणली, आणि पुण्यात वादळ उठले. सूचना फेटाळली गेली. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे जळजळीत पुस्तक निघाले, खटला झाला, आणि अपिलात आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९२६ मध्ये आरोपी सुटले. दोन्ही बाजूंच्या लेखण्यांना त्या काळी जी धार होती, तिच्यापुढे आजचे आपले वादविवाद म्हणजे हळदीकुंकू वाटावे!

या भांडणात एक गोष्ट दोन्हीकडचे लोक विसरून गेले होते. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा जोतीरावांच्या खटपटीने त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला होता. डोंगरीच्या तुरुंगातून दोघे सुटले तेव्हा त्यांचा सत्कार करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळी होती. विचारांत दोन ध्रुवांवर असलेली माणसे प्रसंगी एकमेकांच्या हाकेला धावत असत. पुतळे तसे धावू शकत नाहीत. म्हणूनच बहुधा पुतळ्यांवरून होणारी भांडणे माणसांतल्या भांडणांपेक्षा लांबतात.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे झाले. अत्र्यांना जोतीरावांविषयी जिव्हाळा होता. १९५४ साली त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. नामांतराची कल्पना नाट्यमय होती, आणि ती एका नाटककाराला सुचावी हे स्वाभाविकच. ज्या सभेने जोतीरावांचे म्हणणे नाकारले, त्याच सभेच्या वारसांनी त्यांचे नाव त्याच इमारतीला द्यावे, यात एक प्रकारचे प्रायश्चित्त आहे. पुढे घोले रस्त्यावरच्या लॉर्ड रे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयालाही महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. बिचारे रेसाहेब! पुण्याने त्यांच्याकडून दोन वास्तू घेतल्या आणि दोन्ही एकाच माणसाला दिल्या.

मुंबईतही असेच घडले. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरे झाले. विल्यम इमर्सन त्याचा वास्तुकार. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त, त्यांचे नाव बाजाराला लागले. आज तीही महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. या दोन नामसाधर्म्य असलेल्या भगिनींची तुलना उद्बोधक आहे. मुंबईची मंडई श्रीमंत घरची. तिच्या प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांची शिल्पे आहेत, आणि त्यांत शेतीभातीत, बाजारहाटात गुंतलेली आपली माणसे कोरलेली आहेत. आत त्यांनीच घडवलेले कारंजे. १८८२ मध्ये तिच्यात विजेचे दिवे लागले. पुण्याच्या मंडईत असले काही नाही. काळा दगड, कमानी, ओटे, संपले. मुंबईत शेतकरी दाराच्या वर दगडात आहे. तो सुंदर आहे, पण त्याला बोलता येत नाही. पुण्याच्या दारावर शेतकऱ्याचे चित्र नाही, परंतु इमारतीच्या जन्मकथेत त्याच्या वतीने बोललेले एक वाक्य आहे. मला विचाराल तर शिल्पापेक्षा मी त्या वाक्याला अधिक मोल देईन. अट एकच, की ते वाक्य आपल्याला आठवले पाहिजे.

नेमके तेच होत नाही, अशी माझी तक्रार आहे. नाव देणे हा आदर व्यक्त करण्याचा मार्ग असतो, तसा तो विसरण्याचाही असतो. एकदा पाटी लागली की आपले काम झाले असे वाटते. ‘फुले मंडई’ म्हणताना कित्येकांना वाटते की फुल्यांनी ती बांधवली असावी. काहींना तर ते फुलांच्या बाजाराचे नाव वाटते! विरोध करणाऱ्याचे नाव देऊन आपण त्याचा विरोधच नाहीसा करून टाकला. हा अन्याय कोणी मुद्दाम केला नाही, हे मान्य. पण प्रेमाने केलेल्या अन्यायाचीही दखल घ्यायला हवी.

चौकाने मात्र आपल्या परीने जोतीरावांचे थोडे ऐकले. तो शिकवू लागला. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग पुणेकर थट्टेने वापरतात, पण त्या थट्टेत तथ्य आहे. भाव काढणे, माणूस ओळखणे, एका वाक्यात समोरच्याला गार करणे, राजकारणातला वारा आधी कळणे, हे सगळे विषय येथे विनाशुल्क शिकवले जातात. १९५८ नंतर शेर, मापटी जाऊन दशमान वजने आली, तेव्हा सरकारच्या पत्रकांपेक्षा मंडईच्या ओट्यांनीच पुण्यातल्या गृहिणींना किलोचा धडा शिकवला असणार. मंडईच्या परिसरात १९१५ मध्ये आर्यन हे चित्रपटगृह निघाले. मूकपटांच्या काळापासून कित्येक पिढ्यांनी तेथे पडद्यावरचे जग पाहिले. १९८३ मध्ये ते गेले आणि त्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. अखिल मंडई मंडळाचा १८९४ पासूनचा शारदा-गजानन याच चौकाचा. गजाननाबरोबर शारदा असावी, हे बाजाराच्या देवाला शोभून दिसते. हिशेबाला विद्या लागतेच. आणि अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींची विसर्जन मिरवणूक टिळकांच्या पुतळ्यापासूनच निघते. त्या सकाळी ढोलांच्या आवाजाने सगळा चौक दणाणून जातो.

म्हणजे एका बाजूला टिळक मूर्तिरूपाने आणि दुसऱ्या बाजूला फुले नावरूपाने, आणि मध्ये भाजी घेणारे आपण. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांचे याहून प्रामाणिक चित्र मला दुसरे कोठे दिसत नाही. दोघांतले कोणी एक निवडा असा आग्रह चौक धरीत नाही. तो दोघांनाही जागा देतो आणि आपल्या कामाला लागतो.

परंतु चौकाच्या कडेला कोण बसले आहे, हे पाहिल्यावाचून परीक्षण पुरे होणार नाही. आत ओट्यावर ज्यांना जागा मिळाली, त्यांना छप्पर आणि प्रतिष्ठा मिळाली. ज्यांना मिळाली नाही ते पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, अजूनही बसतात. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना तर कोणत्याच आराखड्यात जागा नव्हती. त्यांना स्वतःची जागा संघटनेने मिळवावी लागली. पुण्यात १९५५ मध्ये बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा ओझे वाहणारा माणूस कागदावर आला. १९७४ मध्ये याच पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. मंडईचा मनोरा उभा राहिल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी बाजाराच्या पैशातून बाजाराच्या माणसाला भाकरी मिळू लागली. ‘नंतर’ या सदरातली ही दुसरी नोंद.

आज घाऊक बाजार गुलटेकडीला गेलेला आहे. मंडईकडे किरकोळ विक्री राहिली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग खुला झाला, आणि त्यावरच्या एका स्थानकाला मंडईचे नाव मिळाले. ज्या जमिनीवर एकेकाळी एका इमारतीच्या खर्चावरून वाद झाला, तिच्या पोटातून आता गाडी धावते, आणि तिचा खर्च मोजताना कोणाला मंडईचा खर्च आठवतही नाही. मेट्रो नको, असे मी म्हणत नाही. स्वारगेटहून पिशवी घेऊन येणाऱ्या आजीबाईंची तिने सोयच केली आहे. पण जोतीरावांचा प्रश्न तिलाही लागू आहे, आणि तिच्यानंतर येईल त्या प्रत्येक बांधकामाला लागू राहील: पैसा कोणाचा, आणि आधी काय?

तेव्हा या वास्तूविषयी माझा अभिप्राय असा. तिचा पोशाख उसना आहे, पण तिची रचना कामाची आहे. तिच्या भिंतींपेक्षा तिच्या भोवतीचा चौक मोठा आहे, कारण तो लोकांनी घडवला. तिला मिळालेले नाव योग्य आहे. किंबहुना पुण्यात दुसऱ्या कोणत्याही इमारतीला ते इतके योग्य झाले नसते. मात्र ते अपुरे आहे. ज्या ओट्यांच्या वाटा मनोऱ्याखाली एकत्र येतात, तेथे एक साधी दगडी पाटी असावी, आणि तिच्यावर सोप्या मराठीत लिहिलेले असावे की या इमारतीवर एवढा पैसा घालू नये, तो गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी वापरावा, असे जोतीराव गोविंदराव फुले यांचे मत होते आणि ते नगरपालिकेने मानले नाही. अक्षरे मोठी असावीत. आईबरोबर पणत्या घ्यायला आलेल्या आणि नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलालाही ती वाचता आली पाहिजेत.